नीलमाच्या नावाने पसरवलेली भीती

कुणाची साडेसाती सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर हमखास येतो. त्याचा गोषवारा असा: नीलम हे शनीचं जहाल रत्न. लाभला तर रंकाचा राव, नाही लाभला तर चोवीस तासांत घरादाराची राखरांगोळी. पुरावा म्हणून कानपूरच्या इंद्रमंदिरातून लुटलेला शापित नीलम आणि राजकन्या डायनाची अंगठी. पुढे सूचना: तीन रात्री उशाखाली ठेवून बघा, माणकाबरोबर चुकूनही घालू नका, दूध निळं झालं तरच खडा अस्सल, तापवलेला खडा म्हणजे निव्वळ काच. आणि शेवटी 'अस्सल काश्मिरी नीलम' कुठे मिळेल त्याचा नंबर. आधीच अडचणीत असलेली माणसं हे वाचून कर्ज काढून खडे घेतात. म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

कानपूरचा तो खडा 'दिल्ली पर्पल सफायर' म्हणून ओळखला जातो आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मुळात तो नीलम नाहीच. तो ॲमेथिस्ट आहे, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ. आपल्याकडे त्याला कटेला म्हणतात आणि नीलम परवडत नसेल तर उपरत्न म्हणून तोच सुचवतात. शापाची हकीकत येते ती एडवर्ड हेरॉन-ॲलन या लेखक-संशोधकाच्या टिपणातून. कर्नल फेरिस नावाच्या अधिकाऱ्याने १८५७ च्या धामधुमीत खडा नेला, त्याचं घराणं बुडालं, १८९० मध्ये खडा हेरॉन-ॲलनकडे आला, त्याने तो लंडनच्या रीजंट्स कालव्यात फेकला तर गाळ काढणाऱ्याला सापडून तीन महिन्यांनी तो परत आला, असं त्यात लिहिलंय. याच हेरॉन-ॲलनने १९२१ मध्ये ख्रिस्तोफर ब्लेअर या टोपणनावाने 'द पर्पल सफायर' नावाची कथा छापली. कथेला खरेपणाचा रंग यावा म्हणून ही दंतकथा त्यानेच रचली असावी, असं जाणकार मानतात. तो स्वतः १९४३ मध्ये ८१ व्या वर्षी वारला. एका माणसाच्या टिपणाखेरीज ज्याला आधार नाही, तो शाप आपण शनीमहाराजांच्या नावावर का खपवून घ्यायचा?

डायनाच्या अंगठीत सुमारे १२ कॅरेटचा सिलोनी नीलम होता, हे खरं. ती अंगठी १९८१ च्या साखरपुड्याची. १९९७ च्या ज्या अपघातात ती गेली, त्यात चालक दारू प्यायलेला होता, गाडी भरधाव होती, सीटबेल्ट लावलेला नव्हता. तीच अंगठी २०१० पासून तिची सून केट यांच्या बोटात आहे. उदाहरणांवरच ठरवायचं तर ब्रिटनच्या इम्पीरियल स्टेट क्राउनच्या माथ्यावर सेंट एडवर्डचा नीलम आहे आणि तो मुकुट घालणाऱ्या एलिझाबेथ राणीने ७० वर्षं राज्य केलं. मध्ययुगीन युरोपात तर नीलम हा पावित्र्याचा आणि शांतीचा खडा मानत, बिशप लोक तो अंगठीत घालत.

आता 'शास्त्रात सांगितलंय' या मुद्द्याकडे येतो, कारण इथे श्रद्धाळू माणूस गप्प होतो. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत आणि इंद्रनीलावर, म्हणजे नीलमावर, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात म्हटलंय की पद्मराग म्हणजे माणिक धारण केल्याने जे गुण मिळतात, तेच इंद्रनीलाने मिळतात. दोघांची परीक्षाही एकाच पद्धतीने करायला सांगितली आहे. आजचं खनिजशास्त्र तेच सांगतं: माणिक आणि नीलम दोन्ही कोरंडम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. क्रोमियमने लाल होतं ते माणिक, लोह आणि टायटॅनियमने निळा होतो तो नीलम. मग या दोघांचं हाडवैर मांडून लोकांना धाक दाखवायचा, हे मला पटत नाही.

दुधाची गोष्टही याच अध्यायातली, पण अर्धवट उचललेली. शंभरपट दुधात ठेवल्यावर जो आपल्या गडद रंगाने सगळं निळं भासवतो, त्याला महानील म्हणावं, असं तिथे आहे. ही रंगाच्या गडदपणाची प्रतवारी झाली. खरा-खोटा ओळखायला तिचा उपयोग नाही, गडद निळी काचही दुधात तशीच दिसेल. कोरंडम दुधात विरघळत नाही. खडा काढल्यावरही दूध निळं राहिलं, तर खड्याला रंग लावलाय असं समजा.

उशाखालच्या तीन रात्रींबद्दल फार बोलायला नको. वाईट स्वप्न पडेल असं बजावून झोपवलेल्या माणसाला शांत झोप कशी लागणार? आणि खड्यामुळे कुणाचं नशीब फिरतं याचा पुरावा नाही. भक्तीने घालायचा तर जरूर घाला, त्याला माझा विरोध नाही.

तापवलेला खडा म्हणजे काच, हेही चूक. श्रीलंकेतले 'गेउडा' नावाचे दुधाळ खडे १९७० च्या दशकापासून थायलंडच्या भट्ट्यांत १६०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापवून निळे करतात. आज बाजारातला बहुतांश नीलम तापवलेलाच असतो, आणि तो खाणीतून निघालेला खरा नीलमच असतो. गुणवृद्धीसाठी रत्न आगीत घालू नये, असं गरुडपुराण सांगतं. म्हणजे तापवण्याची रीत तेव्हाही माहीत होती. ज्यांना ते पाळायचंय त्यांनी न तापवलेला खडा मागावा. तो बराच महाग मिळेल, म्हणूनच फसवणूकही तिथेच होते. काश्मिरी नीलमाचं तर विचारूच नका. जम्मू-काश्मीरमधल्या पाडरची खाण १८८१ च्या सुमारास दरड कोसळल्यावर उघडी पडली आणि तिथला उत्तम माल १८८७ पर्यंत जवळजवळ संपला. लिलावात त्याला कॅरेटमागे लाखो रुपये मिळतात. चार-पाच हजारांत तो येत नाही.

दहापट भिंगाखाली नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोन करून जाणारे दिसतात. ज्योतीवर वितळवून बनवलेल्या कृत्रिम खड्यात ते वक्र असतात, कधी गोल बुडबुडेही दिसतात. हे घरी ओळखणं अवघड आहे. मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा, खडा नैसर्गिक आहे का, तापवलाय का, भेगांत काच भरलीय का, हे त्यात बघा आणि तेच शब्द सराफाकडून पक्क्या बिलावर लिहून घ्या.