लेखकाला काय वाटतं

कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा पेपर इंग्रजीपासून सुरू करायची आयडिया ज्याची कुणाची असेल त्याचा मराठी शाळेतल्या पोरांवर काहीतरी जुना राग असणार, असं माझं पक्कं मत आहे. म्हणजे गणित आधी ठेवलं असतं तर दोन-चार गणितं सुटली असती, जरा हुरूप आला असता, मग इंग्रजीला तोंड दिलं असतं. पण नाही. आधी ४० मिनिटं व्हीएआरसी म्हणजे इंग्रजी, मग ४० मिनिटं डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि कोडी, आणि शेवटी ४० मिनिटं क्वांट म्हणजे गणित, आणि मधेच इकडून तिकडे उडी मारायची सोय नाही, इंग्रजीची ४० मिनिटं भरेपर्यंत तिथून हलता येत नाही. त्यात प्रश्न २४, म्हणजे एका प्रश्नाला १०० सेकंद, आणि त्या १०० सेकंदांतच उतारा पण वाचायचा. १०० सेकंदांत आमच्या घरात माणूस नुसतं 'नाही नाही, तसं नाहीये ते' एवढंच म्हणून होतो, कारणं नंतर येतात.

माझी शाळा सेमी-इंग्लिश. म्हणजे गणित आणि सायन्स इंग्रजीत आणि उरलेलं आयुष्य मराठीत. त्यामुळे फोटोसिंथेसिस, हायपोटेन्यूज वगैरे मला झोपेतून उठवलं तरी येतं, पण लिफ्टमध्ये कुणी सहज 'हाऊ वॉज युवर वीकेंड' विचारलं की मी आधी मनात वाक्य जुळवते आणि जुळेपर्यंत तो माणूस चौथ्या मजल्यावर उतरलेला असतो. ऑफिसच्या मेलमधलं माझं इंग्रजी मात्र एकदम टॉप. प्लीज फाइंड अटॅच्ड, ॲज डिस्कस्ड, जेंटल रिमाइंडर, यात माझा हात धरणारा हिंजवडीत कुणी नाही. पण कॅटमध्ये जेंटल रिमाइंडरवर उतारा येत नाही ना.

आता एमबीएच का, तर टीममध्ये जो कुणी बाहेरून एमबीए करून येतो तो डायरेक्ट आम्हाला मीटिंग लावायला लागतो, एवढंच कारण आहे, उगाच मोठं स्वप्न वगैरे काही नाही. (आणि हो, एवढं विद्येचं माहेरघर म्हणवतो आपण, पण पुण्याला स्वतःचं आयआयएम नाही. नागपूरला २०१५ मध्ये मिळालं, मुंबईला २०२३ मध्ये नीटी नावाच्या जुन्या संस्थेचंच नाव बदलून मिळालं. बाबा हा विषय निघाला की जेवण थांबवतात. म्हणून आम्ही हा विषय जेवण झाल्यावर काढतो.)

मी तयारी करतेय म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की हिचं इंग्रजी कच्चं आहे, आणि पुण्यात एकमत होणं ही साधी गोष्ट नाही. बाबांनी इंग्रजी पेपर सुरू केला, तो पण अग्रलेखासाठी, आणि मग स्वतःच तो कोडं सोडवायला घेऊन बसायला लागले. काका म्हणाले इंग्रजीत विचार करायला लाग. म्हणून मी एक दिवस मंडईत इंग्रजीत विचार करत गेले, तर पालकाच्या जुडीला वीस रुपये सांगितल्यावर मनातल्या मनात 'दॅट सीम्स अनरीझनेबल' म्हणेपर्यंत मावशींनी जुडी पिशवीत टाकून पैसे पण घेतले होते. इंग्रजीत घासाघीस होत नाही, हे एवढं कळलं.

मग शब्द. एका मैत्रिणीने जीआरईची शब्दांची कार्डं दिली, ती मी कितीतरी दिवस पाठ केली आणि नंतर क्लासमधल्या सरांनी सांगितलं की कॅटमध्ये नुसते शब्दांचे अर्थ विचारत नाहीत. आता त्यातले बरेचसे शब्द मी मॅनेजरबद्दल मनात बोलताना वापरते, काही वाया जात नाही आपल्याकडे.

सर म्हणाले लेख वाचा. रोज एक मोठा लेख, आणि आपल्याला ज्यात काडीचा इंटरेस्ट नाही अशा विषयावरचा, कारण परीक्षेत असंच येतं. म्हणून मी मनपावरून हिंजवडीला जाताना बसमध्ये फोनवर लेख वाचायला लागले. व्हेल माशांची संस्कृती, नकाशांचं राजकारण, कंटाळ्याचा इतिहास. एकदा शेजारी एक काकू बसल्या होत्या, साधारण सत्तरीच्या, हातात कापडी पिशवी, आणि मी त्याच पानावर बराच वेळ अडकलेली, तर त्या म्हणाल्या, "अगं सरकव ना पुढे, मी कधीची शेवटच्या ओळीवर येऊन थांबलीये." मी घाबरून सरकवलं. औंधला उतरताना म्हणाल्या, "मूर्ख आहे तो माणूस. कंटाळा आला तर कामं करावीत, इतिहास कसला लिहितोय." आणि उतरल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कारण मला पण अगदी तेच वाटत होतं.

आणि माझा खरा लोचा तोच होता. इंग्रजी नव्हे. इंग्रजी मला हळूहळू कळायला लागलं होतं, आणि जसजसं कळायला लागलं तसतसे माझे मार्क कमी व्हायला लागले, कारण आधी मला लेखक काय म्हणतोय ते कळत नव्हतं म्हणून मी अंदाजपंचे टिक करायचे आणि त्यातले काही बरोबर यायचे, आता लेखक काय म्हणतोय ते कळत होतं आणि ते पटत नव्हतं.

आरसीमध्ये, म्हणजे उताऱ्यावरच्या प्रश्नांत, तुम्हाला काय वाटतं हे कुणी विचारतच नाही हो! चार उतारे, १६ प्रश्न, आणि सगळे प्रश्न असे की लेखक खालीलपैकी कशाशी सहमत होईल, लेखक कशाशी सहमत होणार नाही, लेखकाने हे उदाहरण का दिलं असावं. मी सहमत आहे का, याला अर्धा मार्क पण नाही. उलट बरोबर उत्तराला ३ आणि चुकीच्या उत्तराला वजा १, म्हणजे मी माझं एक मत मांडलं की ४ मार्कांचा फटका. इतकं महाग मत मी आयुष्यात कधी दिलेलं नाही.

एका मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, उतारा होता शहरातून निरुद्देश भटकण्यावर. पॅरिस, बोदलेअर, वॉल्टर बेंजामिन, गर्दीतून रमतगमत चालणारा माणूस आणि त्याला दिसणारं शहराचं खरं रूप वगैरे. छान लिहिलं होतं, नाही असं नाही. पण मी म्हणते, या लेखकाला एकदा संध्याकाळी सातला टिळक रोडच्या फुटपाथवर सोडा. फुटपाथवर लावलेल्या गाड्या, गाड्यांमधून वाट काढणाऱ्या गाड्या, वर ठिकठिकाणी उखडलेल्या फरश्या. रमतगमत चालला तर संचेती हॉस्पिटलात भरती होईल. म्हणून मी तो ऑप्शन टिक केला की लेखकाने पायाभूत सोयींचा विचार केलेला नाही. चूक. सर म्हणाले, "हे आउट ऑफ स्कोप आहे."

आमच्या घरात आउट ऑफ स्कोप असं काही नसतंच. आमटीत गूळ कमी पडला यावरून सुरू झालेलं बोलणं १७६१ च्या पानिपतावर जाऊन तिथून बाबांच्या बँकेतल्या बदलीवर येतं आणि कुणालाही त्यात काही गैर वाटत नाही.

पण खरा तमाशा झाला तो झोपेच्या उताऱ्यावर. रॉजर एकर्च नावाचे एक अमेरिकन इतिहासकार आहेत, त्यांनी असं मांडलंय की औद्योगिक काळाच्या आधी युरोपातली माणसं रात्री दोन हप्त्यांत झोपायची. पहिली झोप, मग मधे तासभर वगैरे जाग, त्यात प्रार्थना करा, गप्पा मारा, घरातली बारीकसारीक कामं करा, आणि मग दुसरी झोप. पुढे दिवे आले, कारखाने आले आणि ही पद्धत मोडली. तर प्रश्न होता की उताऱ्यावरून काय निष्कर्ष निघतो, आणि त्यात एक ऑप्शन होता की आजच्या माणसाला ही सवय परकी झाली आहे. मी तो बघता क्षणी खोडला. कारण माझी आजी. आजी नवाला झोपते, अडीचला उठते, वाती वळते, देवाचं पुटपुटते, फ्रीज उघडून दूध किती उरलंय ते बघते, मधूनच मोठ्याने 'कोण रे तिकडे' म्हणते, आणि चारला परत झोपते ती सहाला उठते. माझ्या जन्माच्या आधीपासून. मग परकी कुठून झाली?

मी हे भर क्लासमध्ये सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "तुझी आजी पॅसेजमध्ये आहे का?"

मी म्हटलं, "हो सर. पॅसेजमध्येच झोपते. आमचा नारायण पेठेत वन बीएचके आहे."

यानंतर क्लास कितीतरी वेळ पुढे गेलाच नाही. मागच्या बाकावरचा एक जण अजूनही मला भेटला की आजी कशी आहे विचारतो.

माझी मामेबहीण बाणेरला राहते, कॉन्व्हेंटची, तिने पण त्याच वर्षी कॅट दिली. तिच्याबरोबर एकदा मॉकचं ॲनालिसिस करायला बसले तर माझ्या लक्षात आलं की तिला सगळेच लेखक आवडतात. कुठलाही लेखक. जंगलं वाचवा म्हणणारा पण आवडतो आणि त्याच्या पुढच्याच उताऱ्यातला, जंगलं वाचवणाऱ्यांचं कसं चुकतं म्हणणारा पण आवडतो. "अगं पण तुला यातलं कुठलं पटतं?" मी विचारलं. तर म्हणते, "मला कशाला पटायला पाहिजे?" तिला व्हीएआरसीला कायम नव्व्याण्णवच्या वर पर्सेंटाइल. मामी म्हणते ती लहानपणापासूनच समजूतदार आहे.

सुट्टीच्या दिवशी मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जायचे. तिथे सगळी एमपीएससीवाली मुलं, कॉट बेसिसवर राहणारी, सकाळी सहाला येऊन रात्री अकराला जाणारी, आणि त्यांच्यात मी एकटी व्हेल मासे वाचत बसलेली. शेजारी बार्शीकडचा एक मुलगा बसायचा. त्याने एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, "ताई, ह्या माशावर प्रश्न येतो व्हय तुम्हाला?"

"माशावर नाही येत. लेखकाला माशाबद्दल काय वाटतं त्यावर येतो."

"लेखक कोण?"

"ते देत नाहीत."

तो बराच वेळ चहाच्या ग्लासात बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ज्यानं नाव सुदिक सांगितलं नाही त्याच्या मनातलं वळखायचं?" आणि एवढं बोलून तो परत राज्यघटनेची कलमं पाठ करायला निघून गेला. त्याचं त्यातल्या त्यात बरं आहे, कलम काय म्हणतं ते आपल्याला पटलं नाही तरी नंबर बदलत नाही.

पॅराजंबल मात्र मला कधी जड गेलं नाही. चार वाक्यं विस्कटून देतात आणि ती क्रमाने लावायची, ऑप्शन नसतात, उत्तराचे आकडे टाइप करायचे, पण चुकलं तर मार्क कापत नाहीत. भल्याभल्यांचे यात वांधे होतात. मला होत नाहीत कारण आईची कुठलीही हकिकत म्हणजे पॅराजंबलच असतं. "तर मग ती म्हणाली, आता हॉलचे पैसे कोण परत देणार", हे आईचं पहिलं वाक्य असतं. मग सोनार येतो, मग कुणाचा तरी गुडघा, आणि लग्न कुणाचं होतं हे भांडी घासून झाल्यावर कळतं. चार वाक्यांच्या मांडण्या होऊन होऊन २४ होतात. आईच्या मोजायला क्वांटवाले सर लागतील.

परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी झाली. माझा सकाळी साडेआठचा स्लॉट, सेंटर पार गावाबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, थंडी मरणाची, आईने पहाटे दहीसाखर दिलं ते घशात बसलं. पेपरबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. मी शहाण्यासारखी वागले. पहिल्या तीन उताऱ्यांत तर मी लेखकाच्या इतकी हो ला हो करत होते की मामेबहिणीला अभिमान वाटला असता. चौथ्या उताऱ्याला मात्र तो माणूस अशी काही विधानं करायला लागला, म्हणजे एकामागून एक, बिनधास्त, पुरावा नाही काही नाही, की मला राहवेना. दोन प्रश्नांत मी त्याला सोडलं नाही.

मग डिसेंबरमध्ये आन्सर की आली. आणि त्याबरोबर एक गोष्ट कळली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती, क्लासने नाही, यूट्यूबवाल्यांनी नाही. उत्तर पटलं नाही तर ऑब्जेक्शन घेता येतं! रीतसर, वेबसाइटवर, लॉगिन करून. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. बाबा नुसते खूष. त्यांनी चष्मा घेतला, कोरा कागद घेतला, वर तारीख टाकली, उतारा आणि दोन्ही प्रश्न माझ्याकडून समजून घेतले आणि 'महोदय' पासून सुरुवात करून दीड पान मुद्देसूद लिहून काढलं, त्यात पोटमुद्दे पण होते. मग विचारलं, "पाठवायचं कसं?"

मी म्हटलं ऑनलाइन, पण फी आहे. एका प्रश्नाला १२०० रुपये.

"म्हणजे दोनाचे चोवीसशे?" बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "भांडायचे पैसे? या शहरात?"

आई म्हणाली जाऊ दे, चोवीसशेमध्ये महिन्याचं तेल येतं. बाबा म्हणाले तत्त्वाचा प्रश्न आहे. आई म्हणाली मग तत्त्वाने भरा. त्यावर बाबा गप्प झाले आणि पॅसेजमधून, म्हणजे आमच्या घरच्या, आजीचा आवाज आला, "त्या लेखकाला फोन लावून दे मला. सहाशेत सांगते."