लीज्ड लाइनचे बिल आणि गेटवर थांबलेला ट्रक

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या गेटवर कास्टिंग भरलेला ट्रक जवळजवळ तीन तास उभा होता. मालाची तपासणी झाली होती, वजनकाट्याची पावती हातात होती, चालक जेवून परत आला होता. पण इंटरनेट बंद पडल्यामुळे ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले विक्रीचे बिल, तयार होत नव्हते आणि त्यावाचून पुढचे ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, हेही अडले होते. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या उद्योगांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, त्यामुळे पूर्वीसारखे चलनपुस्तक फाडून गाडी सोडून देण्याची सोय आता राहिलेली नाही. अखेर आमच्या अकाउंटंटनी लॅपटॉप बाहेर रस्त्यावर नेला, कारण पत्र्याच्या शेडखाली मोबाइलची रेंज टिकत नव्हती, आणि तिथे हॉटस्पॉट लावून कागद काढले. ट्रक निघाला, परंतु ग्राहकाच्या कारखान्यात माल उतरवून घेण्याची ठरलेली वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ब्रॉडबँड सेवेच्या अटी पहिल्यांदाच नीट वाचल्या. कमाल वेग किती मिळेल हे त्यात ठळक छापलेले होते, पण किमान वेग किती मिळेल आणि सेवा बंद पडल्यास ती किती तासांत सुरू होईल, याविषयी एक ओळही नव्हती. त्यात सेवा देणाऱ्याने काही फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. आम्हीच घरगुती वापरासाठी आखलेल्या सेवेवर एक कारखाना चालवत होतो. म्हणून आम्ही लीज्ड लाइन घेतली, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेली इंटरनेट जोडणी.

लीज्ड लाइन म्हटले की आपल्याकडचे बहुतेक लघुउद्योजक पहिला प्रश्न विचारतात, तो 'किती एमबीपीएस?', म्हणजे वेग सेकंदाला किती मेगाबिट, हा. माझ्या मते तुलना तिथेच चुकते. ब्रॉडबँडमध्ये प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या सामायिक फायबरच्या तंत्रात एकाच फायबरवर साधारण २.५ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) येण्याची आणि १.२५ जीबीपीएस जाण्याची क्षमता असते, आणि ती स्प्लिटर, म्हणजे फायबरच्या फांद्या पाडणारे उपकरण, लावून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेली असते. चौसष्ट जणांनी एकाच वेळी पूर्ण ताकदीने डेटा पाठवायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० एमबीपीएससुद्धा पुरते येत नाहीत. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत या भरवशावर ही रचना उभी आहे, आणि घरासाठी हा भरवसा बहुधा खराही ठरतो. औद्योगिक वसाहतीत मात्र सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेत सगळ्यांचीच कामे एकदम चालू असतात. लीज्ड लाइनमध्ये २० एमबीपीएस घेतले तर ते २० आपल्याच नावावर राखून ठेवलेले असतात, येण्यासाठी तेवढेच आणि जाण्यासाठीही तेवढेच, मग शेजारच्या गाळ्यात काहीही चालू असो.

जाण्याच्या वेगाचे महत्त्व मला फार उशिरा कळले. आम्ही पॅटर्नची त्रिमितीय ड्रॉइंग, ओतकामाच्या सिम्युलेशनच्या फाइल आणि तपासणीची छायाचित्रे रोज ग्राहकांकडे पाठवतो, आणि रात्री सर्व्हरचा बॅकअप क्लाउडवर जातो. चार जीबीची फाइल सलग २० एमबीपीएस मिळाले तर सत्तावीस मिनिटांत जाते. तोच वेग ३ ते ४ वर घसरला की सव्वादोन ते तीन तास लागतात, आणि मध्ये संपर्क तुटला तर पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कार्यालयात बसून चित्रफिती पाहणाऱ्याला ही अडचण कधी जाणवणारच नाही, कारण त्याला फक्त घ्यायचे असते. कारखान्याला घेण्याइतकेच द्यायचेही असते.

दुसरा लाभ स्थिर आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणाऱ्या, न बदलणाऱ्या क्रमांकाचा. आशिया-पॅसिफिक विभागातील जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा मोकळा साठा २०११ मध्येच संपत आला आणि त्यांचे वाटप मर्यादित झाले, तेव्हापासून अनेक सेवादार एकाच पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. अशा जोडणीवर आपल्या कारखान्यातील ईआरपीच्या, म्हणजे साठा, खरेदी-विक्री व हिशेब एकत्र ठेवणाऱ्या प्रणालीच्या, सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. लीज्ड लाइनसोबत स्थिर पत्ते सहसा मिळतातच, त्यामुळे आमच्या दुसऱ्या युनिटमधील भांडारपाल आता व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीवरून, त्याच ईआरपीत नोंद करतो, आणि ठरावीक पत्त्यावरूनच प्रवेश देणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाच्या पोर्टलवर आमचे काम अडत नाही.

तरीही मी पैसे मोजतो ते सर्वांत जास्त करारातील हमीसाठी, म्हणजे सेवा किती टक्के वेळ चालू राहील या आश्वासनासाठी. या हमीचे आकडे मात्र कागद-पेन्सिल घेऊन तपासले पाहिजेत. ९९.५ टक्के ऐकायला भक्कम वाटते, पण तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास धरले तर या हमीतही ३ तास ३६ मिनिटे सेवा बंद राहू शकते, ९९.९ टक्के असतील तर सुमारे ४३ मिनिटे. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुतेक करारांत या हिशेबातून वगळलेली असते. हमी मोडली तर मिळते ती बिलातील सूट. थांबलेल्या ट्रकचे भाडे कोणीही भरून देत नाही, आणि हे सही करण्याआधीच समजून घेतलेले बरे. माझ्यासाठी महत्त्वाचे हे की दुरुस्तीची मुदत तासांत लिहिलेली असते, आणि फोन उचलणाऱ्या माणसाला त्या मुदतीचे उत्तर द्यावे लागते. मार्चमध्ये आमची लाइन पहाटे बंद पडली तेव्हा मी कारखान्यात पोहोचण्याआधीच तक्रार नोंदली गेली होती, कारण त्यांच्या नियंत्रण कक्षात आमचा राउटर दिसेनासा झाला होता.

लीज्ड लाइन घेतली म्हणजे जेसीबीपासून अभय मिळाले, असे कोणी समजू नये. रस्त्याच्या कामात फायबर तुटायचे ते तुटतेच. म्हणून विचारायचा खरा प्रश्न हा, की मुख्य केंद्रापासून आपल्या भिंतीपर्यंत फायबर कोणत्या रस्त्याने येते, जमिनीखालून येते की विजेच्या खांबांवरून, आणि शेवटचे दोनशे मीटर एखाद्या स्थानिक केबलचालकाच्या हाती आहेत का. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन दोन्ही एकाच चरातून आल्या असतील, तर दुसरीचे पैसे वाया गेले म्हणून समजावे. आम्ही जुने ब्रॉडबँड राखीव म्हणून ठेवले आहे, पण आता ते वसाहतीच्या दुसऱ्या बाजूने येते, आणि ही खात्री मी स्वतः तंत्रज्ञाबरोबर चालत जाऊन करून घेतली.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्याच आकड्याच्या ब्रॉडबँडपेक्षा लीज्ड लाइन कितीतरी पट महाग पडते, करार बहुधा किमान वर्षाचा असतो, आणि पाहणी, खोदकामाची परवानगी व जोडणी यांत काही आठवडे जातात. बिलावरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते, एवढाच दिलासा. ज्याचे दुकान दिवसभरात दोन बिले आणि चार ईमेल यांवर चालते, त्याने हा खर्च करू नये. त्याला चांगले ब्रॉडबँड आणि जोडीला मोबाइलचे राउटर पुरेसे आहे. ज्याचे काम मात्र इंटरनेटवाचून गेटपाशी, सर्व्हरपाशी किंवा ग्राहकाच्या पोर्टलपाशी अडते, त्याने मोठ्या आकड्याच्या मोहात न पडता आधी महिनाभर स्वतःचा वापर मोजावा. आम्हाला सेवादाराच्या प्रतिनिधीने १०० एमबीपीएसचा आग्रह केला होता. वापराचा आलेख पाहिल्यावर लक्षात आले की आमची गरज १५ च्या वर क्वचितच जाते, म्हणून आम्ही २० घेतले, आणि वाचलेल्या पैशांतून राउटर व फायबरच्या उपकरणांसाठी वेगळा यूपीएस बसवला, कारण आमच्याकडे लाइनपेक्षा वीजच अधिक वेळा जाते.