घोड्यावरून न उतरलेली राणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

राणी व्हिक्टोरिया घोड्यावर बसूनच सैनिकांना पदकं देतेय, त्या जॉर्ज हाउसमन थॉमसच्या चित्रावरचा माझा लेख आपल्याला 'गोऱ्या साहेबाची हुजरेगिरी' वाटला. चित्र 'पेपरातल्या स्केचसारखं' वाटलं. १८५७ चा उठाव लेखात नाही म्हणून राग आला. वर 'राणी घोड्यावरून उतरलीसुद्धा नाही, हा उद्दामपणा दिसत नाही का?' असा सवाल, आणि जाता जाता 'जरा अभ्यास करून लिहा' हा सल्ला. मतभेद असू देत की. पण हा सूर? समोर बसून चहा पीत असतो तर असंच बोलला असतात का?

एक मान्य. लेखासोबतचं छायाचित्र लहान होतं, मोबाइलवर चेहरे कळत नाहीत. मोठं लावतो.

आता घोडा. २६ जून १८५७, लंडनचं हाइड पार्क. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाचं पहिलंवहिलं वितरण, क्रिमियाच्या युद्धातले ६२ मानकरी. युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्युअर एकेक पदक हातात देतोय आणि लाल जॅकेटातली राणी, दोन्ही पाय एकाच अंगाला टाकून बसलेली, खाली वाकून समोरच्याच्या छातीवर ते टाचतेय. सगळं उरकलं जेमतेम दहा मिनिटांत. माणशी दहा सेकंदही नाहीत! पहिला मानकरी नौदलाचा हेन्री रेबी. पिन त्याच्या कोटातून थेट कातडीत घुसली आणि गडी हललाही नाही, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण घोड्यावरून टाचताना हे व्हायचंच.

चित्राचा जीव त्या वाकण्यात आहे, महाराज. ती उतरून टेबलामागे उभी राहिली असती, तर शाळेचं बक्षीस वितरण झालं असतं. राणी वर आणि शिपाई खाली, हे मलाही दिसतं. पण अधिकारी आणि साधा शिपाई दोघांना एकच पदक, आणि दोघांसाठी तिला तेवढंच वाकावं लागतंय, हे तुम्हाला का दिसू नये?

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या छावणीत वाढलोय मी. यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं पाढ्यांच्या आधी पाठ झाली. हिंदी सैनिकाला १९११ पर्यंत हे पदक देतच नसत, हेही घरीच कळलं. तेव्हा अभ्यासाचं मला सांगू नका. घोड्यावर बसलोय, पडलोयही. तुम्ही?

बाकी किरकोळ. 'पेपरातलं स्केच' म्हणाल, तर थॉमस 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकासाठी चित्रं काढायचाच. तो भरभर चालणारा हात तैलरंगातही लपत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं. त्याच उन्हाळ्यात इकडे दिल्ली पेटली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो वेगळा विषय, इथे कशाला?

आणि पुन्हा 'हुजरेगिरी' वगैरे दिसलं तर प्रतिक्रिया उडवीन. आधीच सांगून ठेवतो.