पाडलं की कार्बन वाचतो, हा हिशेब कुणी केला?

ठाण्याच्या नौपाड्यापासून नवी मुंबईच्या वाशीपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात. त्या वीज खातात. पाडून ‘ग्रीन’ टॉवर बांधला की कार्बन निम्मा होतो. दुरुस्ती ही मलमपट्टी. जुन्याच सांगाड्यात घरं, दुकानं, ऑफिसं नव्याने बसवणं हे तर परदेशातले चोचले. आणि शेवटी, सभासदांचा एक रुपया जात नाही! पुढे पाठवण्याआधी जरा आकडेमोड करू.

“नवी इमारत वीज वाचवते, म्हणून कार्बन वाचतो.” वीज वाचेलही. पण टॉवरसाठी सिमेंट लागतं, आणि सिमेंटसाठी चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. वर सळईचं पोलाद. आपल्याकडे टनामागे दोन टनांहून जास्त उत्सर्जन. आरसीसी घरबांधणीला ढोबळमानाने चौरस मीटरमागे ४०० किलो कार्बन डायऑक्साइड धरा. जिना-पॅसेजसकट ६० चौरस मीटरचा फ्लॅट म्हणजे २४ टन, तेही वास्तुशांतीच्या आधीच हवेत गेलेले. आता बचत बघा. महिन्याला २०० युनिट जाळणारं घर वर्षाला २,४०० युनिट वापरतं. ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे वर्षाचे १.७ टन. नव्या घरात यातले ३० टक्के वाचतात असं उदार मनाने मानलं तरी बचत अर्ध्या टनाची. २४ टन फिटायला ४८ वर्षं! तोवर त्या टॉवरच्याच रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागलेली असेल. यात गाड्यांसाठी ओतलेला पोडियम, जास्तीच्या लिफ्ट आणि पंप धरलेलेच नाहीत.

यावर एक वजनदार मुद्दा येतो: टॉवरमध्ये घरं वाढतात, ती कुठेतरी बांधावी लागलीच असती. बरोबर आहे. वाढीव घरांचा कार्बन मी या हिशेबात धरलेलाच नाही. पण जी घरं उभीच आहेत, ती पाडून पुन्हा ओतायची आणि त्याला बचत म्हणायचं, हे पटत नाही.

शिवाय वीज वाचवायला टॉवर कशाला? एलईडी दिवे आणि कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे जुन्या घरातही फिरतात. गच्चीवर सौर पॅनेल बसवायच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि तळमजला-अधिक-तीनच्या इमारतीत दर फ्लॅटच्या वाट्याला गच्ची टॉवरपेक्षा कितीतरी जास्त येते. नौपाड्यातल्या कित्येक जुन्या इमारतींना रुंद छज्जे आहेत, समोरासमोर खिडक्या आहेत. काचेच्या नव्या दर्शनी भागामागे मात्र मार्चपासूनच एसी सुरू.

“जुनी इमारत म्हणजे धोका.” इथे चेष्टा नको. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात कृष्णा निवास कोसळली, १२ जण गेले. पालिकेच्या वर्गवारीत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरलेली इमारत रिकामी करून पाडायलाच हवी, तिथे कार्बनचं नावही काढू नये. पण ‘सी-२अ’, ‘सी-२ब’ आणि ‘सी-३’ हे वर्ग दुरुस्तीचेच आहेत. आणि नवं म्हणजे भक्कम असंही नाही: शीळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये ७४ बळी घेणारी बेकायदा इमारत तर अजून बांधली जात होती.

मलमपट्टी कशाला म्हणायचं? तड्यांवर पुट्टी मारून रंग देणं ही मलमपट्टी. खरं काम असं असतं: कॉलमवर हातोडी टकटकवायची, पोकळ आवाज आला की तिथलं काँक्रीट छिनायचं. आत सळईला पापुद्रे धरलेले दिसतात; गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. सळई घासून चकचकीत करायची, गंजरोधक लावायचं, झिजली असेल तिथे नवी जोडायची आणि मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट चढवायचं. वाशीसारख्या खाडीकाठच्या भागात सळई गंजवणारं खाऱ्या हवेतलं क्लोराइड खोलवर मुरलं असेल, तर हेही पुरत नाही. म्हणून इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता मोजणारी चाचणी) आणि क्लोराइडचे आकडे मागा. नुसते तड्यांचे फोटो घेऊन पाडायचा ठराव करू नका.

“परदेशातले चोचले.” ठाण्याच्या गोखले रोडवर खाली दुकान, मधे दवाखाना किंवा क्लास आणि वर बिऱ्हाड, हे कोणत्या परदेशातून आलं? आता परदेशाचंच विचाराल, तर फ्रान्समध्ये बोर्दोला ग्राँ पार्कच्या ५३० घरांना बाहेरून खोल गॅलऱ्या जोडल्या, लिफ्ट सुधारल्या आणि रहिवासी तिथेच राहत असताना काम झालं. लाकातों आणि व्हासाल या त्यातल्या वास्तुविशारद जोडीला २०२१ चं प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. आपल्याकडे जिना चढवत नाही म्हणून सगळी इमारत पाडायला निघालेल्यांनी बाहेरून लिफ्टचा टॉवर लावायचं कोटेशन तरी मागवलंय का?

एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत असलेल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले जुने गाळे मला जुन्याच सांगाड्यात घरं बसवायला सर्वांत योग्य वाटतात. घराच्या स्लॅबला चौरस मीटरमागे २०० किलो भार धरतात. हलक्या वर्कशॉपलाही त्याच्या अडीचपट धरावा लागतो. सांगाडा शाबूत असेल तर घरांचा भार तो सहज पेलेल. खरी अडचण गाळे आत लांबवर पसरलेले असण्याची: मधल्या भागात उजेड-वारा पोचत नाही. तिथे स्लॅब कापून चौक काढावा लागतो, संडास-बाथरूमच्या लाइन नव्याने फिरवाव्या लागतात. तळमजल्यावर वर्कशॉप-दुकानं ठेवून वर घरं बसतात. अडतं ते कागदावर: जमीन भाडेपट्ट्याची, वापर औद्योगिक. तो बदलून घेणं हेच मोठं काम.

“सभासदांचा एक रुपया जात नाही.” हे मात्र खरं असू शकतं, कारण खर्च वाढीव एफएसआयमधून, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीतून, निघतो. जास्त कार्पेट एरिया, पार्किंग, भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) यासाठी कुणाला रिडेव्हलपमेंट हवं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग ठरावातही तेच लिहा.