यानातली टाकी कोण साफ करतो?

पुण्यात फिल्मचं शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्याने विज्ञानपट केलाय. अवकाशस्थानकावर सांडपाण्याची टाकी तुंबते आणि आत माणूस उतरतो. ड्यूटीच्या फळ्यावर बाकी कामांपुढची नावं रोज बदलतात, टाकीपुढचं बदलत नाही. आडनाव कुठेच नाही, तरी घरच्या ग्रुपवर रण माजलं. "सायन्स फिक्शनमध्ये जात कशाला घुसवायची?" "तोवर यंत्रं आलेली असतील!"

यंत्रं आजही आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदीही आहे. तरी माणसं आत गुदमरून मरतातच ना?

मी लॉस एंजेलिसला राहतो. इथे यूएससीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, शिकणाऱ्या जॉन कारपेंटर आणि डॅन ओ'बॅनन यांनी सुरू केलेली विद्यार्थी-फिल्म वाढत वाढत 'डार्क स्टार' (1974) म्हणून थिएटरात लागली. पैशांची इतकी ओढाताण की स्पेससूटच्या छातीवर मफिनचा ट्रे आणि परग्रहावरचा प्राणी म्हणून बीच बॉल! मला ती फार आवडते. पण यानात सगळे गोरे पुरुष. बाईचा फक्त आवाज, तोही कॉम्प्युटरचा. यानात बहुतेक पुरुषच असायचे, ही रीतच होती. त्याच ओ'बॅननने पुढे 'एलियन'च्या पटकथेत लिहून ठेवलं की यातली कुठलीही भूमिका पुरुषाने करावी किंवा बाईने. 1979 च्या त्या सिनेमात शेवटी जिवंत राहते ती सिगर्नी वीव्हरची रिप्ली. साय-फाय बाटलं का त्याने?

यावर ग्रुपवर ठरलेलं उत्तर आलं, "तू तिकडे बसून बोलतोस." हो, आणि इथे बसलोय म्हणूनच बोलतोय. नवा विज्ञानपट लागला की मी आधी बघतो, यानात आपल्यासारखं कोणी आहे का. बहुतेकदा नसतंच. असलं तर कोपऱ्यात आकडे वाचत बसलेलं असतं, आणि माझं डोकं फिरतं. पुण्यात असा राग मला कधी आला नाही, कारण तिथे पडद्यावर माझ्याच आळीतली, माझ्याच आडनावांची माणसं होती. ग्रुपवरच्यांना ती अजूनही तशीच दिसतात. मी मात्र आता त्या आळीत पाहुणा आहे, आणि इथल्या यानात मला जागा नाही.

परीक्षकांना आवडणार नाही म्हणून भाचा तो फळा काढायचं म्हणतोय. त्याने काढू नये. कात्री लावायचीच असेल तर सुरुवातीला ताऱ्यांमधून यान सरकत राहतं, ते लांबलचक दृश्य कापावं. ते शंभर सिनेमांत बघून झालंय.