"बॅरिॲट्रिक करावी का?" असं मला विचारणाऱ्यांसाठी

ताईचं बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटाचं करतात ते ऑपरेशन झाल्यापासून ओळखीपाळखीतल्या कितीजणी इनबॉक्समध्ये विचारतात, "करावी का गं?" आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "तिचे किती किलो गेले?" माझं मत स्पष्ट सांगते. हा निर्णय किलोंवर घेऊ नका, आजारावर घ्या.

ताईला शुगर होती, इन्सुलिन चालू होतं, बीपी होतं आणि स्लीप ॲप्निया. घोरता घोरता तिचा श्वास थांबायचा आणि ती दचकून उठून बसायची. पुढे पुढे तर खुर्चीतच उशी घेऊन झोपायची. अशा बाईला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. डाएट तिने केलं होतं, वजन उतरलंही होतं. पण वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरायला लागतं आणि बहुतेकदा गेलेलं बरंचसं परत मिळवतं. बॅरिॲट्रिकच्या स्लीव्ह या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून मुळात भूकच कमी लागते. यात आळशीपणाचा संबंध कुठे आला?

पण स्लीव्ह परत फिरवता येत नाही, हेही तितकंच खरं. आणि ज्यांना आधीच जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे त्यांचा तो स्लीव्हने वाढू शकतो. त्यांनी बायपासबद्दल, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात त्या प्रकाराबद्दल, सर्जनला आवर्जून विचारावं.

आता आकडे. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडे बरीच वर्षं बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३७.५, किंवा सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५, असा निकष होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर आशियाई लोकांसाठी तो २७.५ वर आणला. विम्याची अट मात्र वेगळी: ४०, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा ठरावीक हृदयविकार. म्हणजे १५७ सेंटिमीटर उंचीच्या, ८० किलोच्या मधुमेही बाईला डॉक्टर हो म्हणतील, पण क्लेमसाठी मधुमेह आटोक्यात नसला तरी वजन ८६ किलोंच्या थोडं वरच लागेल. पॉलिसी आधी वाचा.

नंतरचं आयुष्य कसं असतं ते मी जवळून पाहिलंय. सुरुवातीला औषधाच्या झाकणाने मोजून वरणाचं पाणी आणि ताक. मग मऊ भात. पोळीचा घास नीट चावला नाही तर छातीत अडकायचा आणि ती बेसिनकडे धावायची. जेवताना पाणी नाही. अर्धी वाटी उसळ संपवायला तिला आमच्या सगळ्यांच्या जेवणाएवढा वेळ लागायचा, आणि पाहुणे "अगं, एवढंसंच?" म्हणत आग्रह करायचे. काही महिन्यांनी केस पुंजक्याने गळले. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्ततपासण्या आता जन्मभर. ज्यांना हे सांभाळणं जमणार नाही, किंवा घरचे साथ देणार नाहीत, त्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. आता वजन कमी करणारी इंजेक्शनंही आली आहेत, त्यांचाही विचार करा, पण ती बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं.

ताईची शुगर आज गोळ्यांवर आहे, इन्सुलिन सुटलं. ती आडवी होऊन झोपते. मला विचाराल तर तिचं ऑपरेशन शंभर टक्के योग्य होतं.

जे मला अजिबात पटत नाही ते म्हणजे लग्नासाठी मुलीला ऑपरेशनला नेणं. ना शुगर, ना बीपी, फक्त स्थळं नकार देतात म्हणून. वजन उतरलं की बऱ्याचजणींची पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते; पण ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, कारण त्या काळात आईच्याच अंगात पुरेसं पोषण नसतं. आणि इकडे लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत तोवर सासर-माहेर दोन्हीकडून गोड बातमीची विचारणा सुरू! हे त्या मुलीला ऑपरेशनच्या आधी कोणी समजावून सांगितलं होतं का, आणि होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं होतं का, हे मला त्या आईबापांना विचारायचं आहे.