खुलासा : व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये लग्न करता येत नाही

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : जोडीदार ब्रिटनमध्ये असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा काढा, तिकडे जाऊन लग्न करा आणि तिथेच तो स्पाउस व्हिसात बदलून घ्या. कृपया हे करू नका.

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही, लग्नाची नोटीससुद्धा देता येत नाही. फक्त लग्न करून परत यायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा असतो. दोन्हींपैकी कशावरही तिथल्या तिथे स्पाउस व्हिसात जाता येत नाही. तिकडेच राहायचं असेल तर फियान्से व्हिसा काढायचा : ६ महिन्यांत लग्न, मग तिथूनच पुढचा अर्ज. नाहीतर इथे लग्न करून इथूनच स्पाउस व्हिसाचा अर्ज करा.

नुसतं भेटायला जायला मात्र काहीच हरकत नाही. जोडीदार तिकडे आहे हे लपवू नका, उलट स्पष्ट लिहा. खोटी माहिती उघड झाली तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. माझ्या मावसबहिणीच्या फाइलमध्ये होणाऱ्या नवऱ्याचं निमंत्रणपत्र होतं, पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकरकमी ३ लाख जमा झालेले, आणि ते कुठून आले याचा एकही कागद नाही. नकार आला, फी गेली. दुसऱ्यांदा तिने ऑफिसचं रजामंजुरीचं पत्र, ६ महिन्यांच्या पगाराच्या नोंदी आणि परतीची तारीख दिली, तेव्हा व्हिसा मिळाला.